गिरणीची गोष्ट: खर्डा एक ते तीन, कामाची नोंद

सद्यस्थिती: पिठाच्या गिरणीवरच्या लघुकथेचा तिसरा खर्डा पूर्ण, २,४६० शब्द. दिवाळी अंकाची मर्यादा २,५००. एकूण २६ बैठका, प्रत्येकी ४० मिनिटं. पहिल्या खर्ड्याला ९ बैठका आणि ३,९०० शब्द, दुसऱ्याला ६ आणि ३,१५०, तिसऱ्याला ११. सगळ्यात जास्त वेळ गेला तो शब्द कमी होत असताना. लघुकथेत हे प्रमाण साधारण असंच पडतं. पहिल्याच खर्ड्याने वीस बैठका खाल्ल्या, तर हातात कादंबरी आहे की लेख, हे एकदा तपासून घ्यावं.

बीज

दळणाच्या डब्याच्या झाकणाखालची चिठ्ठी: ‘शाळू ४ किलो. हरभऱ्यावर नको.’

शाळू म्हणजे रब्बीची ज्वारी. मिरज-सांगलीकडे चिठ्ठीचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही. आधीचं दळण हरभऱ्याचं असेल तर जात्यात राहिलेलं पीठ पुढच्या दळणात उतरतं आणि भाकरीला वास लागतो. म्हणून नंबर आला तरी माणूस मागे सरकतो, दुसऱ्या कुणाला पुढे जाऊ देतो. म्हणजे तो हरभरा दुसऱ्या कुणाच्या तरी पिठात जातो. कथा त्या ‘कुणाच्या तरी’मध्ये आहे हे कळायला दुसरा खर्डा उजाडला. तोवर सगळं लक्ष चिठ्ठीच्या अक्षरावर होतं.

‘ही गोष्ट का?’

वही एकरेघी, २०० पानी. मजकूर फक्त उजव्या पानावर, डावं पान प्रश्नांसाठी कोरं. दर आठवड्याला डाव्या पानावर एकच वाक्य लिहायचं: ही गोष्ट का लिहायची? आधीच्या आठवड्याचं वाक्य न वाचता.

आठवडा १: ‘एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसाचं दुःख दाखवायला.’
आठवडा ३: ‘रांगेत मागे थांबणारा माणूस सभ्य की धूर्त?’
आठवडा ५: ‘चिठ्ठी पाळायची ती कुणासाठी?’

उत्तरात ‘दाखवायला’, ‘मांडायला’, ‘वाचा फोडायला’ असलं काही आलं की समजावं, लिहिणाऱ्याला उत्तर आधीच ठाऊक आहे. अशी कथा पुढे सरकते, पण तिच्यात कुणी सापडत नाही. प्रश्न उरला असेल तरच चौथ्या आठवड्यात वही उघडावीशी वाटते. मानधनावर आणि छापील नावावर पहिला खर्डा निघतो. तिसरा त्यांच्यावर निघत नाही.

मुदतीचं मात्र वेगळं. काशिनाथ रघुनाथ मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली दिवाळी अंक काढला, आणि मराठी कथेचं वर्षाचं वेळापत्रक हळूहळू त्या एका सणाला बांधलं गेलं. आवाहनं उन्हाळ्यात येऊ लागतात, मजकूर पावसाळ्यात द्यायचा. मुदत कथा संपवायला उपयोगी पडते, सुरू करायला नाही. मुदत समोर ठेवून बीज शोधलं की दिवाळी अंकात शोभेल असंच बीज सापडतं, आणि तसली बीजं संपादकाच्या टेबलावर आधीच ढिगाने पडलेली असतात. खर्डा एक वैशाखात झाला की मधे तीन आठवडे वही कपाटात राहू शकते. या कथेला तेवढे मिळाले. ते मिळाले नसते तर पुढची दुरुस्ती दिसलीच नसती.

बैठक

सकाळी, गजर लावून. फोन दुसऱ्या खोलीत, गजर साध्या घड्याळावर. गजर झाला की वाक्य अर्ध्यावर सोडून उठायचं. दुसऱ्या दिवशी ते अर्धं वाक्य पुरं करताना हात सुरू होतो. परिच्छेद संपवून उठलं तर दुसऱ्या दिवशीची पहिली दहा मिनिटं मागचं वाचण्यात आणि त्यात काना-मात्रा दुरुस्त करण्यात जातात. पहिला खर्डा होईपर्यंत मागे वाचायचं नाही, हा नियम नववी बैठक होईपर्यंत पाळला गेला. त्याची किंमत अशी, की नातवाचं नाव तीन प्रकारे आलं. ती दुरुस्ती पाच मिनिटांची.

खर्डा १: काय बिघडलं

बायको वारलेली होती. चिठ्ठी तिच्या अक्षरातली, नवरा डबा घेऊन रांगेत. वाचकाला हे तिसऱ्या ओळीत कळतं आणि पुढची अकरा पानं तो हुंदक्याची वाट बघतो.

दुरुस्ती: बायको जिवंत. ती लेकीकडे चिंचवडला गेली आहे, परत येण्याचा विषय कुणी काढत नाही. चिठ्ठी जुनीच, पण डब्यात शाळू आता दीड किलो. गिरणीवाला वजन करतो, काट्याकडे बघतो, काही बोलत नाही. आधी या जागी फोनवरचं दीड पानांचं संभाषण होतं. ते काढून काटा ठेवला: ४१० शब्द गेले, ३० आले. वस्तू मोजता येत असेल तर तिच्या मोजमापातला फरक संवादाचं काम करतो. दळणात हे सोपं पडतं, कारण गिरणीत सगळंच वजनावर चालतं.

खर्डा २: ‘तो’ की ‘ते’

निवेदकाने म्हाताऱ्याला काय म्हणायचं? पहिल्या खर्ड्यात सरसकट ‘ते’ होतं. ‘काका पुढे सरकले. त्यांनी डबा ठेवला.’ यात निवेदक आपोआप शेजारचा पोरगा होतो, आदराने बघणारा. आदराने बघणारा माणूस काकांना धूर्त कसा म्हणणार? तिसऱ्या आठवड्याचा प्रश्नच बाद होतो. ‘तो’ केल्यावर अंतर मिटलं, पण पहिल्या पानावर उर्मटपणा वाटू लागला.

मार्ग असा निघाला: निवेदनात ‘तो’, पण पहिल्या वाक्यापासून. मधेच बदलला तर वाचकाला छपाईची चूक वाटते. आदर फक्त संवादात: गिरणीवाल्याचं ‘काका, व्हा पुढं’, रांगेतल्या बाईचं ‘अहो, तुमचा नंबर हाय की’. बदल शोधा-बदला लावून करू नये. ‘त्यांनी’चं ‘त्याने’ होतं, पण क्रियापदं मागे राहतात आणि ‘तो म्हणाले’ छापून येतं. ९४ जागा हाताने बदलल्या, दोन बैठका गेल्या.

त्याच फेरीत वाक्यांचे शेवट तपासले. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळातलं निवेदन ‘-ला, -ली, -लं, होता, होती’च्या ठोक्यावर पडतं. एका पानावरच्या वाक्यांचे शेवटचे शब्द तांबड्या पेनने गोल केले: २३ वाक्यं, त्यांतली १४ ‘होता-होती-होतं’वर संपणारी. उपाय तीन. वर्णनातलं ‘होतं’ गाळणं (‘कोपऱ्यात पिठाने पांढरा झालेला पंखा.’ एवढंच). दोन कृती ‘-ऊन’ने जोडणं, पण एका वाक्यात एकदाच, नाहीतर ‘उठून, जाऊन, घेऊन, ठेवून’ची आगगाडी होते. आणि सवयीच्या गोष्टींना रीतिभूतकाळ: ‘तो मागे सरके.’ हा तिसरा उपाय चवीपुरता. तीनदा आला की गोष्ट शंभर वर्षं जुनी वाटते. फेरीनंतर त्या पानावर १४चे ५ उरले.

खर्डा ३: शेवट

चार शेवट लिहून झाले. चिठ्ठी फाडणं (नाटकी), चिठ्ठी खिशात ठेवणं (त्याहून नाटकी, फक्त हळू), लेकीचा फोन (परत फोन!). चौथा टिकला: समोर हरभऱ्याचं दळण संपतं, मागची बाई सवयीने काकांच्या मागे सरकण्याची वाट बघते, आणि हा आपला डबा पुढे ठेवतो. गिरणीवाला एकदा ‘हरभरा होता, काका’ म्हणतो. याचं उत्तर लिहिलं होतं. ते या खर्ड्याच्या आठव्या बैठकीत काढलं.

या शेवटासाठी मागे दोन पेरण्या लागल्या. हरभऱ्यावर दळलं तर काय होतं हे पहिल्या पानावर यायलाच हवं, कारण घरात पाकीटबंद पीठ आणणाऱ्या वाचकाला ते माहीत असेलच असं नाही. पण समजावणीचा परिच्छेद नको. एक बाई दुसरीला ‘मागच्या खेपेला भाकरीला डाळीचा वास’ म्हणते, बास. दुसरी पेरणी म्हणजे शेवटातल्या मागच्या बाईचं पीठ काकांमुळे दोनदा बिघडलेलं असणं. ती मधल्या पानात घातल्यावर तिथली ढिलाई आपोआप गेली. मधली पानं रेंगाळतात तेव्हा बहुतेक वेळा शेवटाला लागणारी एखादी गोष्ट तिथे ठेवायची राहिलेली असते.

मोठ्याने वाचन

दोनदा. एकदा लिहिणाऱ्याने, एकदा कथा न वाचलेल्या माणसाने. पूर्ण वाचनाला २१ मिनिटं. दुसरा वाचणारा जिथे अडखळतो तिथे फक्त रेघ मारायची, कारण विचारायचं नाही. ११ रेघा आल्या: ७ लांब विशेषणांवर, ३ संवाद कुणाचा हे न कळल्यामुळे, एक ‘हाय की’वर. बोलीचा शेवटचा निर्णय: निवेदन ‘केलं, गेलं’ असं अनुस्वाराचं, ‘केले, गेले’ कुठेही नाही. संवादात मिरजेकडची बोली क्रियापदात आणि हाक मारण्यात, प्रत्येक शब्दात नाही.

टंकलेखन आणि पाठवणी

युनिकोडमध्ये, वर्ड फाइल आणि सोबत पीडीएफ. पीडीएफ लागतेच. अंकाची जुळणी जुन्या फॉन्टमध्ये होत असेल तर रूपांतरात ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ आधी तुटतात. ‘दऱ्या’चा ‘दर्या’ झाला तर डोंगराचा समुद्र होतो, आणि ‘आचाऱ्यांनी’चं ‘आचार्यांनी’ झालं तर स्वयंपाकघरात शंकराचार्य येतात. या कथेत ‘हरभऱ्या’ ३१ वेळा आहे, त्यामुळे मुद्रितं आली की आधी तोच शब्द बघायचा. ‘ॲ’ एकाच अक्षराचा ठेवावा. ‘अ’वर वेगळा चंद्र देऊन टाइप केलेला शोधताना सापडत नाही.

उरलेलं काम: शीर्षक. ‘हरभऱ्यावर नको’ शेवट आधीच सांगून टाकतं, ‘दळण’ फार मोघम. सध्या फाइलीचं नाव ‘दीड किलो’ आहे. मुदतीला नऊ दिवस.