तुम्ही विचारलंत म्हणून: डॉक्टर, चौकात काहून उभे राहता?

दर एप्रिलला हा प्रश्न ठरलेला. "तुम्ही आपत्कालीन विभागाचे डॉक्टर. तिकडे रुग्ण वाट बघत असतील आणि तुम्ही सीताबर्डीला उष्माघाताची पत्रकं वाटताय? नागपूरकराला ऊन शिकवणार तुम्ही?" काही जण मायेनं विचारतात, "काहून येता जी उन्हात, तुम्हालाच लागंल ना!" दोघांनाही उभ्या उभ्या दिलेलं उत्तर पटत नाही, म्हणून हे लिहून ठेवतो.

नवतपा (मे अखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) कधी लागतो, दुपट्टा कसा गुंडाळायचा, पन्हं कसं करायचं, यातलं काही मी सांगणार नाही. ते तुमच्या आजीला आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. या शहरानं 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिलेत. 2024 च्या मे अखेरीस तर एका स्वयंचलित केंद्रानं 56 दाखवले, गावभर मोबाइलवर फिरले, आणि मग हवामान खात्यानं यंत्रच बिघडल्याचं सांगितलं. आम्हाला त्या आकड्यांचं फार कौतुक नाही. आमचे आकडे दोनच: माणसाच्या आतलं तापमान, आणि तो पडल्यापासून गेलेली मिनिटं.

आतलं तापमान 40 अंशांच्या वर आणि त्यासोबत डोकं बिघडलेलं, म्हणजे बरळणं, झटका, बेशुद्धी, हा उष्माघात. आकडा 41 की 42 यापेक्षा माणूस तिथं किती वेळ राहिला यावर मेंदू, यकृत, मूत्रपिंड यांचं काय उरतं ते ठरतं. अर्ध्या तासात 39 च्या खाली आणायचं, हा आमचा हिशेब. आता गणित करा. कुणाच्या लक्षात यायला दहा मिनिटं, 108 लावून गाडी येईपर्यंत आणखी काही, मग रस्ता. आमच्या दारात स्ट्रेचर येतं तेव्हा तो अर्धा तास बहुतेक वेळा संपलेला असतो. आमच्या हातात उरतं ते नंतरचं. म्हणून बाहेर यावं लागतं.

एवढं सांगून थांबता आलं असतं. पण बाहेर येऊन आम्ही नेमकं काय सांगत होतो, हेही विचारलं पाहिजे. ते फारसं कुणी विचारत नाही, आणि आम्हीही आपणहून सांगत नाही.

आमचं पहिलं पोस्टर देखणं होतं. सूर्य, माठ, छत्री, आठ ओळी. त्यातल्या तीन ओळी अशा: "घाम येणे बंद होते." "भरपूर पाणी पाजा." "त्वरित रुग्णालयात न्या." प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या पुस्तकात सापडेल. हे पोस्टर एका धान्याच्या गोदामात, काट्याशेजारी लावलेलं होतं.

दुपारी अडीचच्या सुमाराला तिथला एक हमाल पोत्यांच्या थप्पीला टेकून बसला. तिशीतला, कामावर येऊन चौथा दिवस. बोलायला लागला ते कुणाला कळेना. सोबतच्यांनी आधी अर्थ काढला तो नेहमीचा: चढली असेल, पडू द्या. उन्हाळ्यात हा गैरसमज जितकं नुकसान करतो तितकं क्वचितच दुसरं काही करत असेल. मग कुणीतरी पोस्टर पाहिलं. अंगाला हात लावला, तर माणूस घामानं निथळत होता. पोस्टर म्हणतं घाम बंद होतो. म्हणजे हे ते नाही. आणखी वीस मिनिटं गेली.

घाम थांबणं हे खरं, पण बहुतेक म्हाताऱ्या, घरात पडून राहिलेल्या, पत्र्याखाली दोन-तीन दिवस भाजून निघालेल्या माणसात. राबणाऱ्या तरण्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा तो अनेकदा ओलाचिंब असतो. आमच्या ओळीत हा फरक नव्हता. ओळ लहान राहावी म्हणून काढला होता.

तो आडवा झाला तेव्हा पाणी आणलं. डोकं मांडीवर घेऊन, तोंड उघडून, तांब्यानं. भरपूर. अर्धशुद्धीतल्या माणसाला गिळण्याचं भान नसतं, पाणी श्वासनलिकेत जातं. तो खोकला, लोकांना वाटलं शुद्ध येतेय, अजून पाजलं. मग त्वरित रुग्णालय: ऑटोत दोघांच्या मध्ये बसवून, शर्ट-बनियन अंगावर, कोरड्या गरम वाऱ्यातून, सिग्नल-सिग्नल करत. वाटेत कुणी चूळभर पाणीसुद्धा अंगावर टाकलं नाही. कारण ते आम्ही कुठं लिहिलंच नव्हतं.

काखेतल्या थर्मामीटरनं 39.1 दाखवलं. गुदद्वारातल्या तपासनळीनं 41.9. (काखेतला आकडा या आजारात खरा मानू नका. ताप कमी दिसतो आणि सगळे निवांत होतात.) लघवी चहाच्या रंगाची, म्हणजे स्नायू विरघळायला लागलेले. छातीत खरखर. बर्फाच्या पाण्यात घातलं, 39 च्या खाली आलाही. तिसऱ्या दिवशी यकृत गेलं, रक्त गोठेना, आणि तो गेला.

पोस्टरनं माणूस मारला असं मी म्हणणार नाही. पोस्टर नसतं तरी कदाचित हेच झालं असतं. पण त्याच्या सोबत्यांनी हयगय केली नाही. त्यांनी वाचलं आणि ओळीबरहुकूम केलं, एवढं आज्ञाधारक गिऱ्हाईक कुठल्या जाहिरातीला मिळतं?

त्या पोस्टरच्या वेळचा माझा युक्तिवाद अजून मला पाठ आहे: लोक चार शब्दांपुढे वाचत नाहीत, बारकावे डॉक्टरांसाठी, जनतेला सोपं द्या. आजही हा युक्तिवाद पूर्ण खोटा वाटत नाही. फक्त सोपं कशाला म्हणायचं, ते चुकलं होतं.

आता चौकात जे सांगतो ते असं. माणूस उन्हात किंवा कामावर ढेपाळला की त्याला नाव विचारा, आज वार कोणता विचारा. नीट सांगितलं, तर सावलीत बसवा, घोट-घोट पाणी द्या, अर्ध्या तासात बरं वाटलं नाही तर दवाखाना. बरळला, अडखळला, चुकला, तर तोंडातून काहीही नाही. पाणी नाही, ओआरएस नाही, कांद्याचा रस नाही. एकानं 108 लावायचा, बाकीच्यांनी त्याच क्षणी कपडे उतरवायचे, बूट-पट्टा काढायचे आणि डोक्यापासून पायापर्यंत ओलं करायचं. उलटी आली तर कुशीवर.

पाणी कुठलं, हा प्रश्न नागपुरात महत्त्वाचा. गच्चीवरच्या टाकीचा नळ सोडू नका, मेमध्ये दुपारी त्यातून चहा होईल असं पाणी येतं. माठ, पाणपोईचा रांजण, दुकानातला वीस लिटरचा जार. ओलं केल्यावर वारा घालायचा: पुठ्ठा, दुपट्टा, टेबलपंखा. अंग सुकलं की पुन्हा पाणी. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत हे तुमच्या कूलरसारखंच काम करतं, पाणी उडतं आणि उष्णता घेऊन जातं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवून देऊ नका, दोन मिनिटांत तो गरम होतो आणि मग त्याची गोधडी होते. कोरड्या अंगावर 43 अंशांचा पंखा मारणंही तसंच. आणि क्रोसिन नको. तापात मेंदू स्वतःच शरीराचं तापमान चढवतो, गोळी तिथं काम करते. इथं मेंदूनं काही चढवलेलं नाही, शरीर नुसतं तापलंय. गोळीनं उतरत नाही, आधीच होरपळलेल्या यकृतावर भार मात्र पडतो.

बर्फ मिळाला तर त्याला तोड नाही. पूर्वी सांगायचे की बर्फानं कातडीच्या शिरा आखडतात आणि उष्णता आतच राहते. आखडतात, पण तरीही बर्फाच्या पाण्यात शरीर सगळ्यात लवकर उतरतं. टबही लागत नाही. एक ताडपत्री घ्या, माणूस मधे, चार-पाच जणांनी कडा उचलून झोळी करायची, डोक्याकडची बाजू उंच, एकानं फक्त तोंड पाण्याबाहेर धरायचं. शंभरेक लिटर पाणी, त्यात फोडलेला बर्फ, आणि हातानं ढवळत राहायचं, नाहीतर अंगाजवळचं पाणी कोमट होऊन बसतं. गोदामात ताडपत्री होतीच. आम्हीच ती पाहिली नव्हती.

ओआरएसबद्दल एक फटकन सांगतो. 21 ग्रॅमची पुडी एक लिटरला, पूर्ण. अर्धी पुडी ग्लासात टाकली तर मिठाचं प्रमाण भलतंच वाढतं. छोटी पुडी असेल तर तिच्यावर 200 मिलि लिहिलेलं असतं, वाचा. खोक्यातली गोड पेयं हे नाव लावून वर्षानुवर्षं विकली गेली, 2025 च्या ऑक्टोबरमध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ते थांबवलं. दुकानदाराच्या तोंडी मात्र नाव तेच आहे.

"आम्हाला सवय आहे" असं कुणी म्हटलं की मी आता वाद घालत नाही. सवय खरी असते. शरीराला ती लागायला एक ते दोन आठवडे लागतात, घाम लवकर सुटतो, त्यातलं मीठ कमी होतं. पण ती ज्याला लागली त्याचीच, शहराची नव्हे, आणि एसीत महिनाभर बसलात की गेली. म्हणून नव्या मजुराला पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच काम उन्हात द्यावं, मग रोज तेवढंच वाढवावं, असा कामगार-आरोग्याचा नियम आहे. ठेकेदारापुढे हे वाचलं की तो हसतो. चौथा दिवस होता त्याचा, हे मी वर लिहिलंय.

"दुपारी 12 ते 4 बाहेर पडू नका" ही ओळ मी पत्रकातून काढायला लावली होती. ज्याला पोत्यामागे पैसे मिळतात त्याच्या हातात ती ओळ देताना लाज वाटायची. सहकारी म्हणाले, काढलीस तर मालकाला काय दाखवणार? तेही खरं. पुढच्या वर्षी ती परत छापली, मालकासाठी वेगळ्या कागदावर. त्यातून किती मालकांनी पहाटे पाचला काम सुरू केलं, विचाराल तर दोन बोटांवर मोजण्याइतके.

या सगळ्याचा उपयोग होतो का? रुग्ण कमी आले तर उन्हाळा सौम्य होता की पत्रकं वाचली, हे सांगता येत नाही. जास्त आले तर कदाचित लोक ओळखायला लागले म्हणून आले. त्यात जूनमध्ये पारा 38 वर येतो, फलक उतरतात, आणि हवेत दमटपणा भरल्यानं घाम सुकेनासा होतो, कूलर नुसता आवाज करतो. तेव्हाही रुग्ण येतात. आतलं तापमान न मोजता दगावलेला माणूस कागदावर "हृदयविकार" होतो, आणि मग मोजायला काही उरतच नाही. आपत्कालीन डॉक्टरनं मोहिमेत असावं याचं हेही एक कारण, निदान आपल्या दारात तरी नळी लावून आकडा लिहावा. तेही प्रत्येक पाळीत होतं असं छातीठोक म्हणवत नाही.

गेल्या उन्हाळ्यापासून पोस्टर कमी आणि रसवंतीवाल्यांना शिकवणं जास्त, असं चाललंय. रसवंतीवाला दिवसभर रस्त्यावर, सावलीत, शेजारी पाणी, आणि गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी. ॲम्ब्युलन्सपेक्षा जवळ. त्याच्या मागच्या पालाची झोळी होते, लादी फोडायला टोच्या असतोच. अखाद्य बर्फ निळा असावा असा नियम आहे, पण अंगावर घालायला निळा-पांढरा सारखाच. दहा मिनिटांत शिकतात, आमच्या नर्सेसपेक्षा झोळी चांगली धरतात. परवा एकानं सगळं नीट करून दाखवलं, पाल झटकून परत बांधलं, आणि विचारलं, "हे बराबर आहे साहेब. पण लादी पूर्ण गेली तर माझा दुपारचा धंदा बसला. तिचे पैसे कोण देईल?"

त्याचा नंबर लिहून घेतलाय. उत्तर अजून दिलेलं नाही.