सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला व्याजाचं बिल

इंग्लंडमध्ये लीड्समधल्या ज्या छोट्या लाकूडकामाच्या कारखान्यात मी हिशेब सांभाळते, तिथल्या मालकीणबाईंनी परवा सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाला थकबाकीवरच्या व्याजाचं बिल पाठवायला सांगितलं. मी हबकलेच. आपल्याकडे असं बिल म्हणजे संबंध तुटलेच म्हणून समजा! पण त्या पार्टीनं मुद्दल भरलं, व्याजही भरलं आणि पुढची ऑर्डरही दिली.

इथे १९९८ च्या कायद्यानं हा हक्क दिलाय. करारात काही ठरलं नसेल तर मुदत ३० दिवसांची. ती टळली की बँक ऑफ इंग्लंडच्या मूळ दरापेक्षा ८ टक्के जास्त दरानं व्याज, वर रकमेप्रमाणे ४०, ७० किंवा १०० पौंड भरपाई. तरीही पैसे थकवणाऱ्या कंपन्या इथेही भरपूर आहेत. बाईंचे पैसे वसूल होतात, कारण त्यांची वसुली काम घेतानाच सुरू होते. आगाऊ रक्कम जमा झाल्याशिवाय लाकडाला करवत लागत नाही. माल पोचला की त्याच दिवशी बिल, त्यावर मुदतीची तारीख आणि व्याजाची अट ठळक छापलेली. मुदतीच्या आठवडाभर आधी मी फोन करते, तो तगाद्याचा नसतो. बिल मिळालं का, काही हरकत आहे का, एवढंच विचारायचं. कित्येकदा ऑर्डर नंबर नाही म्हणून बिल कुणाच्या तरी टेबलावर पडलेलं असतं, आणि हे बाहेर येतं ते या फोनमुळेच. दर सोमवारी येण्यांची यादी समोर ठेवून पुढच्या १३ आठवड्यांत पैसा कधी येणार, कधी जाणार हे मांडायचं. व्हॅटचे पैसे वेगळ्या खात्यात. ते सरकारचे, त्यांना खेळतं भांडवल समजायचं नाही. आणि लाकूडवाल्याचे पैसे ठरल्या तारखेला जातात म्हणजे जातातच. मला सगळ्यात जास्त आदर वाटतो तो याचा.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे कायदेच नाहीत. साफ चूक. २००६ च्या एमएसएमई म्हणजे सूक्ष्म, लघू आणि मध्यम उद्योगांच्या कायद्यात मुदत जास्तीत जास्त ४५ दिवस, लेखी करार नसेल तर १५. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. ब्रिटनपेक्षा कितीतरी कडक! सूक्ष्म आणि लघू उद्योगांचे पैसे वेळेत दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला तो खर्च आयकरात दाखवता येत नाही, ही तरतूदही आता आली आहे.

तरी आमच्या काकांनी फॅब्रिकेशनच्या धंद्यात आयुष्यभर कुणाकडे व्याज मागितलं नाही. त्याला मी गलथानपणा म्हणू देणार नाही. त्यांच्या पार्ट्या दोनच. एक दुखावली की निम्मा कारखाना बंद. बाईंचं सर्वांत मोठं गिऱ्हाईकसुद्धा एकूण धंद्याच्या पाचव्या हिश्श्याहून कमी आहे, म्हणून त्या ठाम राहू शकतात. कामं अशी विभागून घ्यायलाही आधी गाठीशी थोडा पैसा लागतो, आणि काकांचा सगळा पैसा उधारीतच अडकलेला असायचा.

आता कारखाना चुलतभाऊ बघतो. प्रत्येक बिलावर उद्यम नोंदणी क्रमांक (छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी केलेल्या नोंदणीचा) आणि मुदतीची तारीख छाप, आधीचा तो फोन चुकवू नकोस आणि तिसरी पार्टी शोध, असं त्याला सांगितलंय. व्याज माग असं मात्र म्हटलेलं नाही. त्या पार्टीच्या ऑफिसात जाऊन बसायचंय त्याला, मला नाही.