आबांच्या चाकूची खाच

रविवार पेठेत माझं धार लावायचं दुकान आहे. येणारा माल ठरलेला: लक्ष्मी रोडच्या टेलरांच्या कात्र्या, हॉटेलांचे सुरे, विळ्यांची पाती. घडीचा चाकू क्वचित येतो आणि आला तरी चहा येईपर्यंत हातावेगळा होतो. पावसाळ्याच्या तोंडावर आलेल्या एका चाकूने मात्र अख्खी दुपार खाल्ली.

उरुळी कांचनकडचे एक नर्सरीवाले मुलाला घेऊन आले होते. मुलगा त्यांना आबा म्हणत होता, म्हणून मीही आबाच म्हणालो. चाकू कलमाचा. लाकडी मूठ, कार्बन स्टीलचं पातं, एकाच बाजूने धार, निसण्यावर घासून घासून अरुंद झालेलं. आंब्याचं पाचर कलम बांधताना पाचरीसारखी तासलेली काडी खुंटात, म्हणजे खालच्या मुळाच्या रोपाच्या चिरेत, नीट बसत नाही, ही तक्रार.

मुलाचं निदान तयार होतं. ‘‘आबांच्या चाकूला खाच नाही ना, म्हणून. माझ्या चाकूला बघा.’’ ऑनलाइन मागवलेला कोरा चाकू त्याने पुढे केला. धार संपून मुठीकडच्या बुडाचं जाड पोलाद सुरू होतं, नेमकी तिथे अर्धगोल खाच होती. ‘‘आबांच्या चाकूलाही अश्शीच पाडून द्या.’’

मी आबांच्या पात्याच्या धारेवर स्टीलची पट्टी उभी धरली आणि उजेडाकडे केली. बुडाशी धारेचा एक दात वर राहिला होता आणि त्याच्या पुढे बोटभर लांबीत पट्टीखालून लख्ख उजेड दिसत होता. खोलगट भाग पडला होता. त्याचं कारण सोपं आहे. सपाट दगडावर पातं घासताना दगडाची कड बुडाच्या जाड खांद्याला अडते. खांद्यालगतचे दोन-तीन मिलिमीटर दगडाला लागतच नाहीत, त्यापुढचं पोलाद मात्र दर वेळी झिजतं. खाच असली की ती अडचण संपते, धारेच्या पहिल्या कणापासून दगड लागतो. म्हणजे मुलगा चुकीचं बोलत नव्हता. ज्या चाकूंना खांदाच नसतो त्यांना खाचेची गरज नाही. 1890 पासून फ्रान्सच्या साव्वाच्या डोंगराळ मुलखात बनणाऱ्या ओपिनेल चाकूला ती नाही, आणि तिच्यावाचून कुणाचं अडत नाही.

पण खाच धार लावणाऱ्याच्या सोयीची. कापणाऱ्याच्या ती उपयोगाची तर नसतेच, वेळप्रसंगी आडवी येते. मुलाला म्हटलं, पिशवीतली एक काडी घे आणि तुझ्या चाकूने काप. त्याने जोर मिळावा म्हणून पार बुडापासून पातं ओढलं. काडीची साल खाचेत शिरली, अडकली आणि टर्रकन फाटली. आबा नुसते हसले.

मग त्यांना त्यांच्या चाकूने कापायला लावलं. मला त्यांचा हात बघायचा होता. त्यांचा काप बुडापासून सुरूच होत नव्हता. खांद्यापासून चांगलं सेंटिमीटरभर पुढे काडी टेकवायची आणि टोकाकडे एकाच ओढीत काप पुरा करायचा. म्हणजे काप सुरू व्हायचा तो त्या खोलगटातच, म्हणून पाचरीचा उतार मधे फुगायचा. काडी खुंटात बसवून उजेडाकडे धरली तर दोन्हींमध्ये फट दिसत होती. सालीखालचा हिरवा थर खुंटाच्या थराला भिडला नाही तर कलम जगणार कसं? बुडाचे पहिले चार मिलिमीटर त्यांच्या कधी कामातच येत नव्हते. तिथे लहान खाच पाडली तर साल अडकायची भीती नाही, आणि आबांनी निसणा सोडला नाही तरी दात पुन्हा वाढायचीही भीती नाही. खाच हवी की नको, हे मी तरी काप कुठून सुरू होतो ते बघून ठरवतो.

ग्राइंडर लावलाच नाही. इतक्या पातळ धारेला चाक लागलं की क्षणात निळा डाग पडतो, आणि निळं पडलं की त्या जागचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं, मग तिथे धार टिकत नाही. पाणी दिलेल्या पोलादावर साधी कानस नुसती घसरते, म्हणून डायमंडची गोल कानस घेतली आणि दर थोड्या वेळाने पातं पाण्यात बुडवत तांदळाएवढी खाच पाडली. त्यामागचा उंचवटा मुद्दाम सोडला. चाकू मिटताना पातं त्या उंचवट्यावर टेकतं. तो घासला गेला तर पातं आणखी आत बसतं आणि धार मुठीतल्या स्प्रिंगवर आपटून बोथट होते. मेणाची गोळी मुठीच्या खोबणीत ठेवून चाकू मिटला. मेणावर धारेची रेघ उमटली, पण खाली मेणाचा थर शिल्लक होता. म्हणजे जागा आहे. मग खोलगट जाईपर्यंत सगळी धार सपाट दगडावर खाली आणली. वेळ गेला तो यातच. पुढची काडी आबांनी कापली, जोडून उजेडाकडे धरली आणि काही न बोलता मुलाच्या हातात दिली.

‘‘माझी खाच बुजवता येईल का?’’ मुलाने विचारलं. बुजवता येत नाही. बाकीची धार खाचेच्या खोलीइतकी घासून काढायची म्हणजे कोऱ्या चाकूचं आयुष्य फुकट घालवायचं. खाचेचा धारेकडचा टोकदार कोपरा तेवढा बारीक एमरीने गोल करून दिला. म्हटलं, सुतळी आणि प्लॅस्टिकची पट्टी पुढच्या अर्ध्या पात्यानेच काप, आणि कधी खाचेत अडकली तर हिसका देऊ नकोस, बोट जाईल.