किलोचा भाव

"एकदोन कशाला, किलोवर घ्या ना!" जुन्या बाजारातला भंगारवाला म्हणाला.

गोणीत इंटेलचे '४८६' प्रोसेसर होते, म्हणजे जुन्या पीसींचा मेंदू असलेल्या चिप. जांभळट करड्या सिरॅमिकच्या चौकोनी वड्या, खाली सोन्याचा मुलामा दिलेल्या १६८ पिना. त्या चिमूटभर सोन्यासाठी सगळे ॲसिडात जाणार.

त्याला पटवून एकच घेतला. वाकलेल्या पिना मेकॅनिकल पेन्सिलीचं रिकामं टोक घालून हळूहळू सरळ केल्या. (घरचे बघत होते. बघू देत.)

संग्राहकांना १९७१चा ४००४, म्हणजे इंटेलचा पहिला मायक्रोप्रोसेसर, हवा असतो. त्याला खिसाही तसाच लागतो. मला विचाराल तर सुरुवात ४८६पासूनच करावी. आत बारा लाख ट्रान्झिस्टर (विजेचे इवलेसे स्विच), आणि आपल्यातल्या कित्येकांनी डॉस ही जुनी ऑपरेटिंग सिस्टीम पहिल्यांदा पाहिली ती यावरच.

तुमच्या माळ्यावरचा जुना पीसी अजून आहे, की गेला किलोवर?