क्लासच्या आधीचे गाणे

मुलगी अडीच वर्षांची झाली आणि ‘हिला गाण्याच्या क्लासला घाला’ असे आप्तेष्ट सुचवू लागले. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर आणि जितेंद्र अभिषेकी ज्या मातीतले, त्या गोव्यात असा आग्रह स्वाभाविकच आहे. तरीही पाच वर्षे पूर्ण होईपर्यंत शिकवणी लावायची नाही, मात्र घरात रोज गायचे, असे आम्ही उभयतांनी ठरवले.

गर्भातले मूल सहाव्या-सातव्या महिन्यापासून आवाज ऐकू लागते आणि जन्मल्यावर आईचा आवाज ओळखते, म्हणून मोबाईलवर गाणी लावून देण्यापेक्षा मी स्वतः गाण्यावर भर दिला. न्हाऊ घालताना, भरवताना गाणी तीच ती असत, कारण लहान मुलांना तेच पुन्हा ऐकण्यात गोडी असते. ओळीतला शेवटचा शब्द मी गाळून थांबत असे. सुरुवातीला ती नुसता शब्द पुरवी. पुढे तोच शब्द ती नेमक्या सुरावर आणून ठेवू लागली, तेव्हा मला झालेला आनंद सांगता येणार नाही. या वयात गळा पाच-सहा सुरांतच मोकळा चालतो, त्यामुळे वडिलांच्या खालच्या पट्टीत तिचे गाणे बोलण्यासारखे सपाट होई. म्हणून सूर आधी तिला धरू द्यायचा आणि आम्ही मागून तिच्या पट्टीत गायचे, असा क्रम ठेवला.

लय मात्र तिला चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरत्यांनी दिली. फोंड्याजवळच्या आमच्या मूळ घरी घुमट (मातीच्या मडक्याला कातडे लावून केलेले वाद्य), शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळे (मोठ्या झांजा) यांच्या साथीवर आरत्या होतात. घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावत. आता शेळीचे लावतात. थोरल्या काकांनी तिचा तळहात घुमटाच्या मागच्या उघड्या तोंडावर ठेवला आणि पुढून थाप दिली. हात दाबला की नाद कोंडतो, उचलला की घुमतो, हे कळताच ती थापेबरोबर हात हलवू लागली. कासाळ्यांचा कर्कश आवाज कोवळ्या कानांना सोसत नाही, म्हणून तिला त्यांच्यापासून दूर बसवत असू.

पाचव्या वर्षानंतर गुरू शोधताना आम्ही आधी वर्गात बसून शिकवणे पाहिले. एके ठिकाणी पहिल्याच महिन्यात परीक्षेचे फॉर्म पुढे आले, तिथे आम्ही प्रवेश घेतला नाही. आताच्या बाई पेटीवर बोटे ठेवू देण्याआधी मुलांकडून हाताने ताल धरवून घेतात आणि अलंकार, म्हणजे सुरांचे ठरावीक क्रम, गाऊन घेतात. घरचा रियाज पंधरा मिनिटांचा असतो आणि तेवढा वेळ मीही तिच्यासोबत बसते.