साक्षीच्या साच्यात न बसणारा विश्वास

मिशनच्या सेवेसाठी परदेशी गेलेल्या माणसाकडून घरच्या मंडळीची, म्हणजे चर्चच्या सभासदांची, एक ठरलेली अपेक्षा असते, ती म्हणजे त्याने अधूनमधून साक्ष पाठवावी. साक्षीचा साचाही ठरलेला असतो: आधी संकट, मग प्रार्थना, मग अनपेक्षित मार्गाने आलेली मदत आणि शेवटी प्रभूचे आभार. अशा साक्षी खोट्या असतात असे मी मुळीच म्हणणार नाही, कारण त्या ऐकतच मी अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती घरात वाढले. परंतु आफ्रिकेतील मलावी या देशाच्या मध्य भागातील एका मिशन रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करू लागल्यापासून माझ्या विश्वासाला ज्या गोष्टींनी आकार दिला, त्यांतील बहुतेक या साच्यात बसत नाहीत, आणि त्या ओढूनताणून बसवाव्यात असेही मला वाटत नाही.

मलावीत पाऊस साधारण नोव्हेंबरअखेरीस सुरू होतो आणि एप्रिलपर्यंत राहतो. मक्याचे नवे पीक एप्रिल-मेमध्ये हाती येते, त्यामुळे जानेवारी ते मार्च हे घरोघरी कणग्या रिकाम्या असण्याचे महिने, आणि नेमके तेच हिवतापाच्या जोराचेही महिने. अर्धपोटी लेकरांना हिवताप गाठतो तेव्हा त्यांच्या अंगातले रक्त झपाट्याने कमी होते. ज्या मुलाचे हिमोग्लोबिन 11-12 असायला हवे, त्याचे 3 भरते, आणि काचपट्टीवर पसरलेला थेंब फिकट गुलाबी पाण्यासारखा दिसतो. दहा किलो वजनाच्या मुलाला साधारण 200 मिलिलिटर रक्त पुरते, मात्र ते उद्या मिळून चालत नाही. देशात ऐच्छिक रक्तदानावर चालणारी राष्ट्रीय व्यवस्था आहे, पण पावसाळ्यात ग्रामीण भागाची गरज तिच्या साठ्याच्या पुढे जाते. मग मुलाला पाठीला बांधून आणणाऱ्या आईला, तिच्यासोबत आलेल्या भावाला किंवा नवऱ्याला रक्त देण्याविषयी विचारावे लागते.

हे विचारणे सोपे नाही. रक्त शोषून नेणारी माणसे रात्री फिरतात, अशा अफवा मलावीत वेळोवेळी उठतात. 2017 साली दक्षिणेकडील मुलान्जे आणि फालोम्बे या जिल्ह्यांत त्यांनी एवढे उग्र रूप घेतले की संशयावरून जमावाने माणसे मारली आणि संयुक्त राष्ट्रांना तेथून आपले कर्मचारी हलवावे लागले. अशा देशात, हातात सुई आणि रिकामी पिशवी घेऊन उभी असलेली परदेशी बाई कशी दिसत असेल याचा विचार आपल्याकडच्या वाचकांनी करून पाहावा. माझ्यासोबत काम करणारे एक वयस्क तंत्रज्ञ त्यांच्या मंडळीत वडील, म्हणजे चर्चचा कारभार पाहणारे ज्येष्ठ, आहेत. ते आधी जमिनीवर बसतात, घरची विचारपूस करतात, गावाचे आणि मुखियाचे नाव विचारतात, आणि मग रक्ताचा विषय काढतात. मला घाई असते, मुलाला तर त्याहून अधिक असते, आणि तरीही त्या पाच मिनिटांना कात्री लावता येत नाही. धीर धरणे हे बायबलमध्ये सांगितलेल्या पवित्र आत्म्याच्या फळांपैकी एक आहे, असे मी संडे स्कूलमध्ये तोंडपाठ म्हटले होते. त्याचा अभ्यास मात्र मी या गृहस्थांच्या शेजारी बसून करते आहे.

दात्याचे रक्त घेण्यापूर्वी एचआयव्ही, ब आणि क प्रकारची कावीळ व सिफिलिस यांसाठी तपासावे लागते. मलावीत प्रौढांमधील एचआयव्हीचे प्रमाण अलीकडच्या पाहण्यांत 7 ते 9 टक्क्यांच्या दरम्यान आढळले आहे, म्हणजे मुलासाठी हात पुढे करणाऱ्या बापाला त्याच तासात स्वतःच्या आजाराची बातमी मिळावी, असे येथे घडते आणि वारंवार घडते. ती बातमी सांगणे समुपदेशकाचे काम असते, परंतु चाचणीच्या पट्टीवर उमटणारी दुसरी रेघ, म्हणजे बाधेची खूण, सर्वांआधी मला दिसते. प्रारंभी त्या मिनिटांत मी रेघ उमटू नये म्हणून प्रार्थना करत असे, आणि जिथे उमटायची तिथे ती उमटतच असे. रक्तात जे आहे ते चाचणी दाखवते. माझ्या विनवणीने ते बदलत नाही. हे पचवायला मला बराच काळ लागला, आणि काही काळ तर प्रार्थना हा केवळ एक सवयीचा सोपस्कार उरला.

पुढे माझ्या प्रार्थनेचा विषय बदलला. या माणसाने घाबरून निघून जाऊ नये, समुपदेशकाच्या खोलीत बसावे, पुढच्या महिन्यात औषधासाठी परत यावे, एवढेच मी मागू लागले. मलावीत एचआयव्हीचे औषध मोफत मिळते; बाधित गरोदर स्त्रियांना, त्यांच्या रक्तचाचणीचे आकडे काहीही असोत, आजन्म औषध देण्याचे धोरण 2011 मध्ये जगात सर्वप्रथम याच गरीब देशाने स्वीकारले. त्यामुळे ती दुसरी रेघ आता आयुष्याचा शेवट नसते. काही जण परत येतात, काही येत नाहीत. येणाऱ्यांची संख्या माझ्या प्रार्थनेमुळे वाढली, असा दावा मी करू शकत नाही. मात्र त्या पट्टीमागच्या माणसाकडे मी पूर्वीपेक्षा अधिक नीट पाहू लागले, हे खात्रीने सांगू शकते.

इतर अडचणींविषयी थोडक्यात लिहिते, कारण त्या पत्रांतून तुम्हाला ठाऊक आहेतच. वीज जाते. देशाची बहुतेक वीज शिरे नदीवर तयार होते, आणि जानेवारी 2022 मधील आना वादळाने तेथील कापिचिरा प्रकल्प निकामी केला तेव्हा विजेची टंचाई देशभर जाणवली. त्याच वर्षी सुरू झालेली कॉलऱ्याची साथ मलावीच्या इतिहासातील सर्वांत मोठी ठरली आणि तिने 1,700 हून अधिक बळी घेतले. नोव्हेंबर 2023 मध्ये येथील मध्यवर्ती बँकेने क्वाचा या चलनाचे 44 टक्क्यांनी अवमूल्यन केले, तेव्हा परदेशातून येणाऱ्या प्रत्येक रसायनाची किंमत एका फटक्यात वाढली. वीज नसली तरी सूर्यप्रकाशावर आरसा धरून सूक्ष्मदर्शक वापरता येतो, ही शाळेतली विद्या मला येथे पुष्कळ उपयोगी पडते.

एक अडचण मात्र निराळी आहे. येथे भारतीय माणसाला ‘अम्वेन्ये’ म्हणतात, आणि अम्वेन्ये म्हटले की लोकांसमोर राजधानी लिलाँग्वेतील दुकानदार उभा राहतो. मिशनची माणसे गोरी असतात, हेही ठरलेले. त्यामुळे भारतीय बाई रविवारी चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून गीत गाते याचे लोकांना नवल वाटते, आणि ‘तुमच्याकडे ख्रिस्ती असतात का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अशा वेळी मी नाशिकजवळच्या शरणपूरची हकिकत सांगते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले एकोणिसाव्या शतकात तेथील मिशनमध्ये शिकली. त्यांच्यापैकी काही पुढे स्कॉटिश मिशनरी आणि प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्याबरोबर या प्रदेशात परतली. 1873 मध्ये लिव्हिंगस्टन मरण पावले, तेव्हा त्यांचे शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत याओ समाजातला, नाशिकला शिकलेला जेकब वेनराइट होता, आणि त्याआधी मृत्यूच्या जागी त्यांचे हृदय पुरले तेव्हाचा पाठही त्यानेच वाचला. याओ लोक आजही मलावी सरोवराच्या दक्षिणेला राहतात. ही हकिकत ऐकून माणसे मोठ्याने हसतात, मग हिशेब मांडतात, आणि कोणीतरी म्हणते की म्हणजे तू परतफेड करायला आलीस. हा हिशेब कोणत्या बाजूने मांडावा याबद्दल माझे मत निश्चित नाही, कारण आमच्या नगरला 1831 मध्ये अमेरिकन मिशन आले त्याचेही देणे कोठेतरी धरावे लागेल.

मिशनच्या पत्रकांमधून ‘हे लोक गरीब असूनही किती आनंदी आहेत’ असे लिहिण्याची प्रथा आहे. कृपा करून त्यावर विश्वास ठेवू नका. मूल दगावले की येथील आई तशीच कोसळते, जशी श्रीरामपूरची किंवा जालन्याची आई कोसळेल. फरक एवढाच दिसतो की तिला एकटे ठेवले जात नाही. मृत्यू झाला की गावातली कामे थांबतात, मंडळीतल्या बायका येतात, मृताच्या घरात जमिनीवर बसतात, रात्रभर गातात, आणि देवाने असे का केले याचे स्पष्टीकरण देण्याचा प्रयत्न सहसा करत नाहीत. अशाच एका मृत्यूनंतर आमच्या रुग्णालयाच्या सकाळच्या प्रार्थनेत एका परिचारिकेने बायबलमधले 88 वे स्तोत्र वाचले. ते स्तोत्र अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. त्यात सुटका नाही, आभार नाहीत, फक्त देवाला रात्रंदिवस मारलेली हाक आहे. लहानपणापासून उपासनेला जाऊनही हे स्तोत्र मोठ्याने वाचलेले मला आठवत नाही. ज्याचा शेवट आभाराने होत नाही असे गाऱ्हाणेसुद्धा पवित्र शास्त्रात सांभाळून ठेवलेले आहे, हे कळल्यापासून मला प्रयोगशाळेतल्या वाईट दिवसांबद्दल देवाशी बोलता येऊ लागले. त्यापूर्वी मी केवळ चांगले दिवस त्याच्यापुढे ठेवत होते.

मंडळीत दर महिन्याला प्रार्थनेचे विषय मागितले जातात, म्हणून या वेळचे विषय देते. लहान मुलांसाठीच्या रक्ताच्या पिशव्या संपत आल्या आहेत आणि मागणी नोंदवली आहे. माझ्या हाताखाली शिकणाऱ्या दोन तरुणांची परीक्षा जवळ आली असून त्यांतल्या एकाची फी अजून भरायची आहे. पाऊस वेळेवर सुरू झाला आहे. तो मक्याला पुरेल एवढा पडावा. जे उपचारासाठी परत आले नाहीत, त्यांची नावे मी तुम्हाला सांगू शकत नाही, पण त्यांच्यासाठी नावाशिवाय प्रार्थना करावी.