तुम्ही विचारलंत म्हणून: बाळाचा पहिला गणपती, न्यायचं काय?

श्रावण लागला की मुंबईहून फोन सुरू होतात. "बाई, पहिलोच गणपती. बाळाक काय हाडू?" देवगड तालुक्यात मी ३१ वर्षं आरोग्यसेविका होते. ज्यांना दीड महिन्याची लस टोचली ती पोरं आता चाकरमानी झाली आणि स्वतःच्या लेकरांसाठी मला विचारतात. फोनवर घाईत सांगते आणि निम्मं राहून जातं, म्हणून यंदा लिहून काढते.

मी आधी उलट विचारते, चतुर्थीला बाळ किती महिन्यांचं असेल? दुकानात 'एक वर्षाच्या आतलं' म्हटलं की एकच खोका पुढे येतो. पण तान्ह्या बाळाला २० ते ३० सेंटिमीटरवरचं, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा असतो तेवढंच नीट दिसतं. त्याला खेळणं लागतच नाही. दहा महिन्यांचं बाळ खाटेला धरून उभं राहतं आणि हाताला येईल ते तोंडात घालतं. दोघांना एकच वस्तू कशी चालेल?

दुसरा प्रश्न ऐकून माणसं गप्प होतात. घरात लंगोट वाळत कुठे घालतात? भाद्रपदातला आपला पाऊस आठवा. तान्हं बाळ दिवसाला दहा-बारा लंगोट सहज ओले करतं. पडवीतल्या दोरीवर एक लंगोट वाळायला दोन दिवस लागतात. त्यात सणाला वीस माणसं घरात, त्यांचे टॉवेल त्याच दोरीवर. मग अर्धवट सुकलेला, कुबट वासाचा लंगोट बाळाला बांधला जातो आणि चवथ्या दिवशी मांडीच्या सांध्यात लाल चट्टे उठतात. दरवर्षी गौरी-विसर्जनानंतर माझ्याकडे अशी पाच-सहा बाळं यायची. औषधापेक्षा कोरड्या फडक्याची गरज जास्त असायची. म्हणून माझ्या मते पहिल्या गणपतीची सगळ्यात चांगली भेट म्हणजे कपडे वाळत घालायचं घडीचं स्टँड आणि सोबत दोन डझन मऊ सुती लंगोट. पंख्याखाली उभं केलं की रात्रीत सुकतात. आजीच्या जुन्या लुगड्याची दुपटी असतील तर नवी घेऊ नका, तितकं मऊ कापड बाजारात मिळायचं नाही.

कपडे नेणारच असाल तर एक माप मोठं घ्या. पाचव्या महिन्याच्या आसपास वजन जन्मवेळेच्या दुप्पट होतं, वर्षाला तिप्पट. जरीचा अंगरखा फोटोपुरता ठीक, पण काखेत जर टोचते आणि बाळ आरतीभर रडतं. सुती झबलं, टोपडं, बस्स. पाळण्यावर टाकायची मच्छरदाणी मात्र जरूर न्या. पावसात डेंग्यू-मलेरियाचे डास असतात, आणि पाहुण्यांनी भरलेल्या घरात झोपलेल्या बाळाला जरा आडोसाही मिळतो.

खेळण्यांबद्दल सांगताना माझा जीव अजून वरखाली होतो. एका घरी मी दर्शनाला गेले होते. सात महिन्यांची मुलगी मखरासमोर सतरंजीवर बसली होती, हातात गाणारी गाडी. गाडी जमिनीवर आपटली, मागचं झाकण उडालं. त्याला स्क्रूच नव्हता. आरती चालू होती, टाळ-झांजांत कुणाला आवाज गेला नाही. मला दिसली ती तिच्या बोटांच्या चिमटीतली चपटी, चकचकीत, रुपयाएवढी बॅटरी, ओठांपाशी पोचलेली. मी ती हिसकावली. गिळली असती तर अन्ननलिकेत अडकून थुंकीच्या ओलाव्यात वीजप्रवाह सुरू झाला असता, तिथे तीव्र क्षार तयार होऊन दोन तासांतही आतून भाजलं असतं. असं कुणाच्या घरी झालं तर उलटी करवू नका, वाट बघू नका, तडक एक्स-रेची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. आणि बॅटरीचं खेळणं द्यायचंच असेल तर झाकणाला स्क्रू आहे का, एवढं दुकानातच बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. तेही शोधा.

नोंदणी असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना त्यातून सूट आहे, त्यामुळे सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर चिन्ह दिसलं नाही तर बिचकू नका. रंग ओल्या फडक्याला लागतो का ते पाहा. कॅमेऱ्याच्या रिळाची जुनी डबी घरात असेल तर तीत मावणारी कुठलीही वस्तू बाळाला नको. सावंतवाडीची लाकडी फळं सुबक असतात, पण देठ सुटणारा असेल तर ती तीन वर्षांनंतरच. नऊ-दहा महिन्यांच्या बाळासाठी मी पांगुळगाडा सुचवते. तीन चाकांचा, बाळ स्वतः उभं राहून ढकलतं तो. आत बसवायचा प्लास्टिकचा वॉकर नव्हे. तो उंबऱ्यावरून, ओट्यावरून बाळासकट उलटतो. कॅनडाने २००४ मध्ये त्याच्या विक्रीवरच बंदी घातली. पांगुळगाड्याशीही बाळाला एकटं सोडू नका, आपल्या घरांना पायऱ्या फार.

काळ्या मण्यांच्या मनगट्या आणि गळ्यातला दोरा आजीच्या हौसेचा, मी त्यावर वाद घालत नाही. फक्त गळ्यात काही घालून झोपवू नका आणि ओवलेला दोरा रोज ओढून बघा.

खाण्याचं म्हणाल तर सहा महिन्यांपर्यंत आईचंच दूध, वर पाणीसुद्धा नाही. दुधाची बाटली भेट देऊ नका. तिच्या जाहिरातीला तर १९९२ च्या कायद्यानेच मनाई आहे. उष्टावण झालं असेल तर वाटी-चमचा द्या, चांदीचा किंवा स्टीलचा, काठ गुळगुळीत हवा. मधाची बाटली वर्षाच्या आत नकोच. पंचामृतातही मध असतो, तेव्हा तीर्थाचं बोटसुद्धा बाळाच्या जिभेला लावू नका. मधातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे एवढ्या लहान आतड्यात विष तयार होऊ शकतं. देवाला नमस्कार करवा, तेवढं पुरे.

आणखी एक वस्तू मी आवर्जून सांगते, ती ऐकून सगळे हसतात. चेन असलेली, पाणी न शिरणारी प्लास्टिकची फाइल. लसीकरणाचं कार्ड तिच्यात ठेवायला. दीड, अडीच, साडेतीन महिने, मग नववा महिना पूर्ण झाला की गोवराची लस, आणि पुढे सोळाव्या वर्षापर्यंतच्या नोंदी त्याच कार्डावर. आपल्या दमट हवेत कार्डाला बुरशी धरते, वाळवी लागते. पाकिटातले पैसे असतील आणि मुलगी असेल, तर पोस्टात सुकन्या समृद्धीचं खातं उघडून द्या, २५० रुपयांत उघडतं.

आईला विसरू नका. अळिवाचे लाडू, ओल्या नारळातले, डबाभर. तिच्या हातात द्या, स्वयंपाकघरात ठेवलेत तर तिच्या वाट्याला एकही उरत नाही.

परवा एका आजोबांचा फोन आला. नात चतुर्थीला चार महिन्यांची. म्हणाले, "स्टँड घेतलंय बाई, पण पहिल्या गणपतीची भेट म्हणून बरं दिसतला काय? वरून रंगीत कागद लावू?" मी म्हटलं, कागद राहू दे. घरात शिरलात की पडवीतच उघडा, सून लंगोट घेऊन उभीच असेल.